थंडीला ‘कडाक्याची’ केव्हा म्हणावे?

मार्गशीर्ष लागला की विदर्भातील वर्तमानपत्रांत आणि गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक विशेषण रोज भेटू लागते, ते म्हणजे ‘कडाक्याची’. किमान तापमान १४ अंशांवर आले तरी थंडी कडाक्याची असते आणि ५ अंशांवर आले तरी ती कडाक्याचीच असते. शहरात पक्क्या घरात राहणाऱ्या माणसाचे या ढिलाईने फारसे बिघडत नाही. खेड्यात मात्र या शब्दावर कामे ठरतात. रात्रीच्या पाळीच्या विजेवर हरभऱ्याला ओलीत करायचे की नाही, नुकत्याच व्यालेल्या शेळीची पिले गोठ्यात राहू द्यायची की घरात घ्यायची, रोही आणि रानडुकरे हाकलण्यासाठी म्हाताऱ्या माणसाने तुरीच्या जागलीला जावे की घरीच थांबावे, हे सारे ‘आज थंडी किती?’ या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते. म्हणून हे विशेषण नेमके काय सांगते, हवामान विभाग त्याच्या जागी कोणते माप वापरतो आणि ते माप आपल्या शेतात कसे लागू पडते, हे नीट समजून घेतले पाहिजे.

आधी शब्द पाहू. ‘कडकड’ हा मोडण्याचा, फुटण्याचा, वीज कोसळण्याचा आवाज आहे आणि ‘कडाका’ त्याच घराण्यातला. त्यात आवाजाबरोबर जोर आला, आणि पुढे आवाज मागे पडून जोर तेवढा शिल्लक राहिला. म्हणूनच आपण ‘थंडीचा कडाका’ म्हणतो तसाच ‘उन्हाचा कडाका’ही म्हणतो, आणि दोन भावांत बांधावरून जुंपते ते भांडणही कडाक्याचेच असते. याचा अर्थ असा की या विशेषणात स्वतःचा असा गारवा मुळीच नाही. एखादी गोष्ट नेहमीच्या मर्यादेबाहेर गेली, तिच्यात जोर आला, एवढेच ते सांगते. कडाक्याची थंडी आपण म्हणतो, कडाक्याचा हिवाळाही म्हणतो, पण माठातल्या पाण्याला कोणी कडाक्याचे म्हणत नाही. त्याला थंडगार म्हणतात, आणि थंडगार या शब्दात सुख आहे. दिवाळीनंतर पहाटे अंगावर चादर ओढून घ्यावीशी वाटते ती गुलाबी थंडी. कातडीला टोचते ती बोचरी, आणि ती बहुधा वाऱ्यामुळे तशी होते. वऱ्हाडात आणि झाडीपट्टीत म्हातारी माणसे ‘हिव’ म्हणतात. हिव म्हणजे हवेतील थंडी आणि अंगात भरलेली कापरी असे दोन्ही, म्हणून तर थंडी वाजून येणाऱ्या तापाला हिवताप हे नाव पडले.

कडाका म्हणजे मर्यादेबाहेरचा जोर, हे मान्य केले की पुढचा प्रश्न आपोआप येतो: मर्यादा कोणाची? लडाखमधील द्रासच्या माणसाला १० अंश म्हणजे उबदार दिवस वाटेल. मुंबईत पहाटे १४ अंश झाले तर कपाटातून स्वेटर निघतात, आणि त्याच १४ अंशांना गोंदियाचा माणूस पौषातली साधी सकाळ समजतो. शरीर, घर, कपडे, गोठा, पीक हे सगळे त्या त्या जागेच्या नेहमीच्या हवेशी जुळवून घेतलेले असतात, आणि त्या नेहमीपासून हवा जेवढी दूर जाते तेवढा कडाका. गावातल्या माणसाला हे न शिकवता कळते. भारतीय हवामान विभागाने ते आकड्यांत बसवले आहे, एवढाच फरक.

हवामान विभाग ‘कडाक्याची थंडी’ असे म्हणत नाही. त्याचे शब्द आहेत ‘थंडीची लाट’ आणि ‘तीव्र थंडीची लाट’, आणि या दोन्हींना ठरावीक माप आहे. मैदानी भागात किमान तापमान १० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली गेल्याखेरीज लाटेचा विचारच होत नाही. तेवढे खाली गेल्यावर ते त्या तारखेच्या सरासरीपेक्षा किती घटले हे पाहतात. घट ४.५ ते ६.४ अंश असेल तर थंडीची लाट, त्याहून जास्त असेल तर तीव्र लाट. सरासरी बाजूला ठेवून नुसत्या आकड्याचीही एक कसोटी आहे: मैदानात किमान तापमान ४ अंश किंवा त्याखाली उतरले तर लाट, आणि २ अंश किंवा त्याखाली उतरले तर तीव्र लाट. शिवाय अशी स्थिती एका हवामान उपविभागातील किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस असावी लागते आणि दुसऱ्या दिवशी लाट जाहीर होते. विदर्भ हा असा एक स्वतंत्र उपविभाग आहे आणि त्याचा कारभार नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्रातून चालतो. किनाऱ्यावरील ठिकाणांसाठी १० ऐवजी १५ अंशांची मर्यादा धरतात, कारण समुद्रामुळे तिथे पारा सहसा फार खाली जातच नाही. सरासरी म्हणजे मागच्या आठवड्याची किंवा मागच्या वर्षीची नव्हे, तर तीस वर्षांच्या नोंदींची; सध्या १९९१ ते २०२० हा काळ त्यासाठी धरला जातो.

हे माप लावून पाहण्यासाठी विदर्भात एक ठळक दिवस आहे. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपूरचे किमान तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरले. डिसेंबरच्या अखेरीस नागपूरची किमान तापमानाची सरासरी १२ अंशांच्या आसपास असते. म्हणजे घट झाली सुमारे साडेआठ अंशांची. १० अंशांची अट पुरी झाली, ६.४ अंशांपेक्षा जास्त घट झाली, आणि नुसत्या आकड्याच्या कसोटीवरही ४ अंशांची रेषा ओलांडली गेली. त्या पहाटेला कडाक्याची म्हणण्यात कुठलीही अतिशयोक्ती नव्हती. आता दुसरी एखादी सकाळ घेऊ, जेव्हा तापमान ९.५ अंश आहे. ‘पारा एक आकडी’ असा मथळा त्या दिवशी हमखास येतो, पण सरासरीपेक्षा घट जेमतेम अडीच अंशांची असते. थंडी आहे, चांगली आहे. लाट मात्र नाही.

‘पारा’ म्हणतो खरे, पण किमान तापमान मोजण्याच्या पारंपरिक तापमापीत पारा नसून अल्कोहोल असते. त्यात एक बारीक कांडी तरंगत असते. द्रव आकसला की ती मागे ओढली जाते आणि सर्वांत खालच्या जागी थांबून राहते, त्यामुळे पहाटे कोणी जागे नसले तरी नोंद हुकत नाही. सकाळी साडेआठ वाजता आकडा वाचला जातो. आपण सकाळच्या बातम्यांत ऐकतो तो किमान आकडा बहुधा सूर्योदयाच्या सुमाराचा असतो, कारण रात्रभर जमीन उष्णता गमावतच राहते आणि उन्हाचा पहिला तिरीप पडेपर्यंत तो तोटा थांबत नाही.

शेतकऱ्याच्या दृष्टीने खरी महत्त्वाची गोष्ट यापुढे आहे, आणि तिच्याकडे बातम्यांत कोणी लक्ष देत नाही. वेधशाळेची तापमापी पांढऱ्या रंगाच्या, झडपांच्या लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे चार फूट उंचीवर ठेवलेली असते. हरभरा मात्र जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो. ढग नसलेल्या आणि वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची हवा पेटीतील हवेपेक्षा तीन-चार अंशांनी, कधी त्याहूनही अधिक थंड असू शकते. म्हणजे केंद्रावर ४ अंशांची नोंद झाली तर हरभऱ्याच्या पानावर शून्याजवळची स्थिती असणे सहज शक्य आहे. पान स्वतः आकाशाकडे उष्णता फेकत असते, त्यामुळे ते भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते.

असे का होते, हे पाहण्यासाठी विदर्भाची जागा लक्षात घ्यावी लागेल. समुद्र दोन्ही बाजूंनी शेकडो किलोमीटर दूर. डिसेंबरच्या अखेरीस रात्र तेरा तासांहून मोठी. पाऊस संपून दोन-अडीच महिने झालेले, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा जमिनीने घेतलेली उष्णता रात्री अदृश्य किरणांच्या रूपाने आकाशाकडे निघून जाते. हवेत ढग आणि बाष्प असले तर ते ही उष्णता शोषून तिच्यातला काही भाग जमिनीकडे परत पाठवतात. ढग म्हणजे गावावर पांघरलेली वाकळच. वाकळ नसली की गेलेली उष्णता परत येत नाही. अशातच पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी कमी दाबाची वादळी हवा, हिमालयात बर्फ पाडून पुढे सरकतो आणि त्याच्यामागून उत्तरेकडचे कोरडे, गार वारे मध्य भारतात उतरतात. बाहेरून आलेली गार हवा आणि इथल्याच जमिनीने गमावलेली उष्णता, या दोन्ही गोष्टी एका रात्री जुळून आल्या की खरा कडाका पडतो. म्हणूनच आभाळ भरून आले की डिसेंबरातही रात्री उबारा जाणवतो, आणि तेच आभाळ मोकळे झाल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हिव वाढते.

गार हवा जड असते आणि पाण्यासारखी उताराने वाहते. एकाच शेतात वरच्या टोकाची तूर हिरवी आणि नाल्याकाठच्या सखल पट्ट्यातली तूर काळवंडलेली, हे दृश्य तीव्र थंडीनंतर विदर्भात पाहायला मिळते. दोन्हीकडे जात एक, पेरणी एक, खत एक. फरक फक्त खोलगटपणाचा. रात्रभर वरून घरंगळत आलेली गार हवा त्या खोलगट भागात साचते आणि तिथून निघायला तिला वाट नसते. बांधावर दाट झाडोरा असला तर तो ही हवा अडवून ठेवतो आणि नुकसान आणखी वाढते. अशा रात्री तालुक्याच्या ठिकाणचा आकडा काहीही असो, नाल्याकाठच्या त्या तुकड्यापुरती थंडी कडाक्याचीच होती. शेतकरी म्हणतात, ‘थंडीनं पीक जळालं’. आगीने जळावे तसे पान दिसते हे खरे आहे. पानातले पाणी गोठताना पेशींमधले पाणी ओढून घेते, पेशी कोरड्या पडतात, फाटतात, आणि ऊन चढल्यावर पान करपल्यासारखे लोंबते.

सगळी थंडी मात्र वाईट नसते, आणि हे विशेषण वापरताना त्याचे भान राहिले पाहिजे. गव्हाला फुटवे येण्यासाठी थंडी लागतेच; उबदार हिवाळ्यात गहू घाईने ओंबीवर येतो आणि दाणा बारीक राहतो. नागपुरी संत्र्याच्या आंबिया बहाराला तर थंडी हवीच. डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडले आणि सोबत थंडीने झाडाची वाढ थांबली की झाडाला ताण बसतो, आणि ताण सुटल्यावर जानेवारी-फेब्रुवारीत फूल येते. काटोल, वरूड, मोर्शी या भागातील बागायतदार थंडी कमी पडली की काळजीत पडतात, ते यामुळेच. याउलट हरभऱ्याची फुले फार थंडीत घाटे न धरता गळतात, आणि तूर फुलोऱ्यात असताना तिला थंडी मुळीच सोसत नाही. एकाच शिवारात एकाच रात्री गव्हाच्या धुऱ्यावर समाधान आणि तुरीच्या धुऱ्यावर चिंता, असे होते. तेव्हा ‘पिकांना फटका’ असे सरसकट लिहिणाऱ्याने कोणत्या पिकाला आणि ते कोणत्या अवस्थेत असताना, हे सांगणे आवश्यक आहे.

तीव्र थंडीचा इशारा असेल तेव्हा पिकाला हलके ओलीत द्यावे, असा सल्ला कृषी विद्यापीठे देतात, आणि त्यामागचे कारण सरळ आहे. कोरड्या, भेगाळलेल्या काळ्या मातीत हवा अडकलेली असते आणि अशी माती खालची उष्णता वर येऊ देत नाही. ओल्या मातीत दिवसाची उष्णता जास्त साठते आणि रात्री ती वर पिकापर्यंत पोहोचते. पिकाच्या ओळींत वाळलेल्या गवताचा जाड थर असेल तर तो ही उष्णता अडवतो. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करण्याची रीत जुनी आहे, आणि वारा पूर्ण पडलेला असेल तर आगीच्या उबेचा थोडा उपयोगही होतो. पण धुराची चादर उष्णता धरून ठेवील यावर फार भिस्त ठेवू नये. माझ्या मते भरवसा ओलिताचाच धरावा.

पण ओलीत करणार कोण आणि केव्हा? शेतीपंपाला वीज पाळीपाळीने मिळते आणि अनेक गावांत ती पाळी रात्रीची असते. मध्यरात्री मोटर सुरू करून, पायातल्या चपला बांधावर काढून, गुडघाभर लुगडे किंवा पँट वर खोचून चिखलात दांड फोडणारे माणूस या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त धोक्यात असते. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने शरीरातील उष्णता ओढून नेते. पाय ओले, अंगावर वारा आणि पोटात संध्याकाळची भाकरी केव्हाच जिरलेली, अशा माणसासाठी ८ अंशही कडाक्याचेच असतात. तापमापी वाऱ्याचा हिशेब ठेवत नाही, शरीर ठेवते. आपल्या कातडीलगत उबदार हवेचा एक पातळ थर असतो आणि वारा तो सतत उडवून लावतो. तापमान ५ अंश आणि वाऱ्याचा वेग ताशी २० किलोमीटर असेल तर उघड्या कातडीला सुमारे १ अंश असल्यासारखे जाणवते. मचाणावर बसलेल्या जागल्याची स्थिती इथे वेगळी असते: वारा पडलेल्या रात्री जमिनीपासून दहा-बारा फूट उंचीवरची हवा खालच्यापेक्षा किंचित उबदार असते, पण वारा सुटला की आडोसा नसल्याने तोच जास्त गारठतो.

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांच्या आसपास राहावे लागते. ते ३५ अंशांखाली गेले की वैद्यकीयदृष्ट्या धोक्याची स्थिती सुरू होते. आधी हुडहुडी भरते, म्हणजे स्नायू थरथरून उष्णता निर्माण करू पाहतात. पुढे जीभ जड होते, पावले अडखळतात, माणूस असंबद्ध बोलू लागतो. अंगात ऊब आलेली नसताना थरथर थांबली, तर ती सुधारणा नव्हे. शरीर हरत असल्याची ती खूण आहे. अशा माणसाचे ओले कपडे आधी काढावेत, कोरडे घोंगडे गुंडाळावे, तो शुद्धीवर असेल तर गोड, गरम चहा द्यावा आणि दवाखान्यात न्यावे. हातपाय जोरात चोळू नयेत, त्याला शेकोटीच्या अगदी जवळ बसवू नये. दारूने ऊब येते हा समज खेड्यापाड्यांत घट्ट आहे आणि तो जीव घेणारा आहे: दारूने कातडीतील रक्तवाहिन्या रुंदावतात, गरम रक्त बाहेरच्या बाजूला येते, ऊब वाटते, आणि शरीराच्या आतली उष्णता मात्र अधिक वेगाने निघून जाते. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणेही तितकेच घातक आहे, कारण कोळशातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपेतल्या माणसाला त्याची चाहूल लागत नाही. वयस्क माणसे आणि तान्ही बाळे यांना पुरेशी हुडहुडी भरत नाही, म्हणून त्यांची थंडी आपल्याला दिसत नाही. वीटभट्टीवरील कुटुंबे, ऊसतोडीला आणि संत्रातोडीला आलेले मजूर, मेंढ्यांमागे फिरणारे धनगर यांच्यापुरता लाटेचा इशारा छप्पर असलेल्यांपेक्षा आधीच लागू झाला असे समजावे.

आता शब्दाच्या वापराबद्दल. गावाच्या गटावर, ग्रामपंचायतीच्या फलकावर किंवा शाळेच्या सूचनेत थंडीबद्दल लिहिणाऱ्याने विशेषणासोबत निदान आकडा आणि सरासरीपेक्षा झालेली घट लिहावी. ‘आज किमान ६ अंश, सरासरीपेक्षा ६ अंशांनी कमी, आभाळ निरभ्र, वारा नाही’ या एका ओळीत शेतकऱ्याला जे हवे ते सगळे आहे. निरभ्र आभाळ आणि पडलेला वारा वाचून त्याला कळते की नाल्याकाठचे तुकडे आज रात्री धोक्यात आहेत. वारा असता तर पिकाची काळजी थोडी कमी आणि ओलिताला जाणाऱ्या माणसाची जास्त. नुसते ‘कडाक्याची थंडी, काळजी घ्या’ एवढेच असेल तर त्यातून यातले काहीच कळत नाही, आणि रोज तेच वाचून जेव्हा खरोखर ४ अंशांची रात्र येते तेव्हा कोणी लक्ष देत नाही. दहा-बारा अंशांच्या सकाळीसाठी ‘चांगली थंडी’, ‘गारठा’, ‘गार वारा’ हे शब्द पुरेसे आहेत, आणि वऱ्हाडी माणसासाठी ‘हिव’ आहेच. हवामान विभागाचा पिवळा, नारिंगी किंवा लाल इशारा असेल तर तो रंगही सोबत लिहावा, आणि तो पूर्ण विदर्भासाठी आहे की आपल्या जिल्ह्यासाठी, हेही नमूद करावे. चिखलदऱ्याचा आकडा अंजनगावच्या शेतकऱ्याला लावण्यात अर्थ नाही. चिखलदरा हजार मीटरहून अधिक उंचीवर आहे आणि तिथली नेहमीची थंडीच वेगळी आहे. दिवसाचे कमाल तापमानही खाली राहिले असेल, म्हणजे दुपारीही ऊन लागत नसेल, तर ते स्वतंत्रपणे लिहावे, कारण रात्री गारठलेल्या जनावराला आणि माणसाला सावरायला दुपारचीच ऊब मिळते, आणि तीही न मिळता दोन दिवस गेले तर गोठ्यातल्या पिलांना त्याच संध्याकाळी घरात घ्यावे लागते.